धरमत की सामूगढ? एकाच यादवीतल्या दोन लढाया

धरमत आणि सामूगढ यांची गल्लत सहज होते. मोगल बादशहा शहाजहानच्या मुलांमधल्या यादवीतल्या या दोन लढायांत जेमतेम सहा आठवड्यांचं अंतर. दोन्हीकडे औरंगजेब आणि मुराद जिंकले, आणि दोन्ही रणांगणांजवळ फतेहाबाद नावाचं गाव आहे, एक उज्जैनजवळ, दुसरं आग्रा जिल्ह्यात. त्यात तारखांचा गुंता: जुन्या (ज्युलियन) कालगणनेनुसार धरमत १५ एप्रिल १६५८, सामूगढ २९ मे; नव्या (ग्रेगोरियन) गणनेनुसार २५ एप्रिल आणि ८ जून.

धरमतला शहाजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह नव्हताच. शाही फौज महाराजा जसवंतसिंह आणि कासिमखान यांच्या हाती होती. दोन सेनापती, आणि वर शहाजहानची ताकीद की शहाजाद्यांना शक्यतो न लढता माघारी धाडा. जागाही वाईट निवडली: दोन्ही अंगांना खंदक आणि दलदल, घोडदळाला पसरायला वाव नाही. राजपुतांची आघाडी तोफांवर तुटून पडली, औरंगजेबाच्या तोफखान्याचा प्रमुख मुर्शिद कुलीखान पडला. पण मागून कुमक आलीच नाही. कासिमखानाची माणसं जवळपास स्वस्थ राहिली. जखमी जसवंतसिंह जोधपूरला गेला.

सामूगढला मात्र पणाला तख्तच लागलं होतं. दाराने धौलपूरजवळचे चंबळ नदी ओलांडायचे उतार अडवले होते. औरंगजेब पूर्वेकडच्या बेवारस उतारावरून पार झाला आणि दाराला बऱ्याच जड तोफा तिथेच टाकून आग्र्याकडे धावावं लागलं. रणात त्याच्या उरलेल्या तोफांनी शत्रू टप्प्यात येण्याआधीच दारूगोळा उधळला. मग आपले सरदार रुस्तमखान आणि छत्रसाल हाडा यांच्या हल्ल्यांमागोमाग दारा स्वतः मधली फळी सोडून पुढे सरकला, आणि आपल्याच तोफांच्या तोंडाशी आला. त्या गप्प झाल्या. हे दोघे सरदार पडल्यावर दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. अंबारी रिकामी दिसताच फौजेने तो ठार झाला असं धरलं, आणि पळापळ झाली. दाराचा सरदार खलीलुल्लाखान याच्या फितुरीवर सगळं खापर फोडलं जातं, पण मला आपल्याच तोफांपुढे येण्याची ही मांडणीतली चूकच जास्त घातक वाटते.

धरमतने आग्र्याचा रस्ता उघडला. राज्य फिरलं ते सामूगढनंतर. औरंगजेबाने आग्र्याच्या किल्ल्याचं यमुनेचं पाणी तोडलं, शहाजहान शरण आला आणि १६६६ मध्ये मरेपर्यंत कैदेत राहिला. मुरादला सामूगढनंतर महिनाभरातच औरंगजेबाने मथुरेजवळ पकडलं. दाराचा १६५९ मध्ये वध झाला.

दख्खनचा सुभेदार औरंगजेबच असा उत्तरेत गुंतल्याने शिवाजी महाराजांवरचं मोगली दडपण सैल झालं. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफजलखानाशी गाठ पडली तेव्हा त्यांच्या पाठीवर मोगल फौज नव्हती. शाइस्ताखान पुण्यात उतरला तो १६६० मध्ये.