निवृत्त सेनाधिकाऱ्यांची युद्धटीका

सरकारने एखादे युद्ध कसे हाताळले, म्हणजे तयारी किती होती, गुप्तवार्ता कशी होती, सेनापती कोण नेमले, लढाई कुठे थांबवली, याविषयी सेवेतून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांनी जाहीरपणे केलेली चिकित्सा. व्याख्यान, वृत्तपत्रातील लेख, आत्मचरित्र, राष्ट्रपतींना अनावृत पत्र आणि अलीकडे दूरचित्रवाणीवरची चर्चा ही तिची नेहमीची रूपे. नागरी सत्ता सैन्याहून श्रेष्ठ हे जिथे मान्य आहे तिथेच अशी टीका टीका म्हणून ऐकली जाते. जिथे सेनापतीच राज्य करतात तिथे बोलणारा निवृत्त जनरल प्रतिस्पर्धी समजला जातो.

इंदूरच्या मराठी वाचकाला हा विषय परका नाही, कारण महू शेजारी आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी महूला छावणी वसवली. आज तिथे इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज आणि लष्करी दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पायदळाच्या अधिकाऱ्याला नोकरीत एकदा तरी महूची वारी घडतेच. निवृत्तीनंतर काही जण तिथेच किंवा इंदुरात घर करतात. म्हणून रामबाग-लोकमान्य नगरातल्या ओळखीपाळखीत एखादे ‘कर्नलसाहेब’ निघतात, आणि व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत ते उठले की सभागृह सावरून बसते.

टीकेची सवयही महूच्याच वर्गांत लागते. वाळू आणि रंगवलेला भुसा पसरून डोंगर-नदीचे ‘सँड मॉडेल’ मांडलेले असते. एकाने हल्ल्याची योजना सांगायची आणि बाकीच्यांनी तिची चिरफाड करायची : रसद कुठून येणार, राखीव तुकडी कुठे ठेवली, शत्रू तिथे नसलाच तर काय? तिथे वरिष्ठाच्या योजनेतले छिद्र दाखवणे हा अभ्यास असतो. हेच बाहेर, खऱ्या युद्धाबद्दल केले की त्याची बातमी होते.

सेवेत असताना जाहीर बोलण्यास कायद्याने बंदी आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार संसद सैन्यदलांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालू शकते. सेना अधिनियम १९५० चे कलम २१ आणि त्याखालील १९५४ चे नियम वृत्तपत्रांशी संपर्क व राजकीय हालचाल यांवर मर्यादा घालतात. निवृत्तीनंतर अनुच्छेद १९ चे स्वातंत्र्य परत मिळते, पण १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आयुष्यभर पाठ सोडत नाही. अमेरिकेतला नियम एका बाबतीत अधिक कडक आहे : तिथे निवृत्तिवेतन घेणारा नियमित सेनेतील अधिकारी लष्करी न्यायसंहितेच्या कक्षेतच राहतो.

या टीकेवरचा ठरलेला आक्षेप असा : ‘वर्दीत होतात तेव्हा का बोलला नाहीत?’ आक्षेप बिनतोड वाटतो, पण भारतातले सर्वांत वजनदार उदाहरण त्याला पुरून उरते. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे कोल्हापूरकडचे. पूर्व विभागाचे सेनापती असताना ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, संरक्षणाचे टिपण सेना मुख्यालयाला पाठवले. सीमेलगतच्या चौक्या टेहळणीपुरत्या ठेवाव्यात आणि खरी लढाई मागे, रस्ते आणि रसद आपल्या हातात असलेल्या रेषेवर द्यावी, हा त्याचा गाभा. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाच्या सरावात त्यांनी हेच वरिष्ठांपुढे मांडले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतले नाही. सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांच्या मनात आपल्यामागे थोरात यावेत असे होते. नेमणूक झाली ती थापर यांची, आणि १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. पुढच्या वर्षी चीनच्या हल्ल्यात नेफा कोसळला, तेव्हा नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले आणि ते टिपण तेव्हा प्रथम पाहिले, असे थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्यांच्या निवृत्तीनंतरच्या प्रत्येक वाक्यामागे सेवेतल्या तारखेचा कागद होता. अशी टीका खोडणे कठीण.

थिमय्यांचे उदाहरण याच्या जोडीचे. मेनन यांच्याशी बिनसल्याने १९५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला होता, मग नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला. निवृत्तीनंतर ‘सेमिनार’ मासिकाच्या जुलै १९६२ च्या अंकात त्यांनी लिहिले की चीनशी उघड युद्ध भारताने एकट्याने पेलण्याची कल्पना आपण सैनिक म्हणून करू शकत नाही; तिथली सुरक्षितता राजकारण्यांनी आणि मुत्सद्द्यांनीच सांभाळायला हवी. युद्ध तीन महिन्यांवर आले होते. ही टीका पराभवानंतरची पश्चातबुद्धी नव्हती, म्हणूनच ती आजही वाचली जाते.

युद्धानंतरच्या लेखनात मात्र कैफियत मिसळलेली असते. ब्रिगेडियर जे. पी. दळवी नेफातील नामका चू नाल्यावर सातव्या ब्रिगेडचे नेतृत्व करत होते; २२ ऑक्टोबर १९६२ रोजी ते चिन्यांच्या हाती सापडले. त्यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ चे. सुती कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी ती जागा धरून ठेवण्याचा हुकूम कोणी आणि का दिला, याचा जाब त्यात दिल्लीला विचारला आहे. त्यांचे वरिष्ठ लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांनी १९६७ मध्येच आपली बाजू छापली होती. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत; एकाच आठवड्याची दोन वेगळी युद्धे वाटतात. निवाडा करू शकेल असा अधिकृत दस्तऐवज म्हणजे या पराभवाच्या लष्करी चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल. तो १९६३ मध्ये सादर झाला, पण सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये त्याचा काही भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी बाहेर आणला. अहवाल कपाटात आणि आत्मचरित्रे बाजारात, अशा स्थितीत टीकेला उणेदुणे काढण्याचे रूप येते, आणि त्याचा दोष एकट्या लेखकांचा नाही.

कारगिलनंतर वेगळी वाट निघाली. जुलै १९९९ च्या अखेरीस के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली पुनर्विलोकन समिती नेमली गेली आणि तिच्यात निवृत्त लेफ्टनंट जनरल के. के. हजारी होते. म्हणजे सरकारनेच टीकाकाराला आत बोलावले. गुप्तवार्तेतील त्रुटी अहवालात आल्या, काही मजकूर गाळून तो संसदेपुढे ठेवला गेला. युद्धकाळचे सेनाप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी निवृत्तीनंतर गुप्तवार्तेवर आणि रेंगाळणाऱ्या शस्त्रखरेदीवर बोट ठेवले.

परदेशांत अमेरिकेतील एप्रिल २००६ चा प्रसंग गाजला. बॅटिस्ट, ईटन, न्यूबोल्ड, झिनी आदी निवृत्त जनरलांनी इराक युद्धावरून संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा मागितला. न्यूबोल्ड यांनी तर आपण आधीच उघड विरोध केला नाही याची खंत छापून टाकली. रम्सफेल्ड गेले ते नोव्हेंबरात, मध्यावधी निवडणुकीनंतर. श्रेय मतदारांना द्यायचे की जनरलांना, यावर एकमत नाही. रशियात निवृत्त कर्नल जनरल लिओनिद इवाशोव यांनी युक्रेनवरील आक्रमणाच्या काही आठवडे आधीच त्याला जाहीर विरोध केला. युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२ मध्ये सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवण्यास १५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली.

हुद्द्याचे वजन उसने घेतले जाते, हा खरा धोका. एप्रिल २०१९ मध्ये सैन्याच्या राजकीय वापराविरुद्ध १५० हून अधिक माजी सैनिकांच्या नावाने राष्ट्रपतींना लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले. माजी लष्करप्रमुख रॉड्रिग्ज यांनी आपली संमती नसल्याचे सांगितले आणि मूळ मुद्दा बाजूला पडून सह्यांचीच चर्चा झाली. वाहिन्यांवर तर अमुक सीमेवर कधी नेमणूकही नसलेले अधिकारी तिथल्या लढाईवर ठासून बोलतात. जून २०२० मध्ये लडाखमधील गलवानला चिन्यांशी झालेल्या झटापटीत २० भारतीय सैनिक मारले गेल्यानंतर मात्र उत्तर विभागाचे माजी सेनापती लेफ्टनंट जनरल एच. एस. पनाग यांच्यासारख्यांनी केलेली चिकित्सा ओळखीच्या भूभागाची होती, आणि तो फरक वाचकाला जाणवतो.

टीका नेहमी सरकारने कमी लढल्याचीच असते असेही नाही. मे २०२५ मध्ये पाकिस्तानविरुद्धचे ‘ऑपरेशन सिंदूर’ थांबवल्याबद्दल समाजमाध्यमांत ओरड चालू असताना माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी पुण्यात बजावले की युद्ध म्हणजे हिंदी सिनेमा नव्हे, मुत्सद्देगिरी हाच पहिला पर्याय असावा. त्यांचे स्वतःचे आत्मचरित्र जानेवारी २०२४ मध्ये यायचे होते. त्यातला लडाखविषयीचा मजकूर बाहेर आल्यावर त्याचे प्रकाशन थांबवण्यात आले.