क्रायोस्टॅट : कणभौतिकी प्रयोगांसाठी बांधणी आणि चाचणी

क्रायोस्टॅट म्हणजे आतली वस्तू अतिनीच तापमानाला दीर्घकाळ टिकवून धरणारे पात्र. उष्णता बाहेर काढणे हे शीतकयंत्राचे काम. बाहेरची उष्णता आत शिरू न देणे हे क्रायोस्टॅटचे. कणभौतिकीत त्याच्या पोटात कधी अतिसंवाहक (रोध न होता वीज वाहू देणारा) चुंबक असतो, कधी कणांचा माग दाखवणारा द्रवरूप आर्गॉन, तर कधी एकेका कणाच्या ऊर्जेने किंचित तापणारा स्फटिक. अडचण सगळीकडे एकच. पात्राचे खरे दोष ते थंड झाल्यावरच उघडे पडतात आणि दुरुस्तीचा हात मात्र ते पुन्हा गरम झाल्यावरच लावता येतो. बांधणी आणि चाचणीची सगळी रीत या कात्रीतून घडली आहे.

मूळ कल्पना जेम्स ड्यूअर यांच्या १८९२ मधल्या दुहेरी भिंतीच्या पात्राची. दोन भिंतींमधली हवा काढून घेतली की वायूमार्फत येणारी उष्णता जवळपास थांबते. उरते ते प्रारण, म्हणजे गरम पृष्ठभागातून किरणांच्या रूपात येणारी उष्णता. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या (केल्विनमध्ये, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या) चौथ्या घातानुसार वाढते. त्यामुळे मधे ७७ केल्विनला, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, धातूची एक ढाल ठेवली तर तीच ३०० केल्विनला असताना जितके प्रारण आत धाडील त्याच्या सुमारे २३०व्या भागाइतकेच धाडते. शिवाय अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पातळ प्लास्टिकचे अनेक थर गुंडाळतात. हेलियमसाठी हा खटाटोप टाळता येत नाही. आत झिरपणारी एक वॅट उष्णता तासाला सुमारे १.४ लिटर द्रवरूप हेलियम उडवते. नायट्रोजनच्या बाबतीत हाच आकडा जेमतेम २२ मिलिलिटर आहे.

आतले वजन कशावर तरी तोलावेच लागते, आणि प्रत्येक आधार हा उष्णतेला आत यायचा पूल असतो. म्हणून हे आधार काचतंतू आणि इपॉक्सीचे करतात. साधे पोलाद थंडीत ठिसूळ होते. त्यामुळे पात्रासाठी स्टेनलेस स्टील, अॅल्युमिनियम किंवा तांबे वापरतात. यांतला प्रत्येक धातू आकसतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेच्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या कणत्वरकात कणांची वाट वळवणारे १,२३२ द्विध्रुवी चुंबक १.९ केल्विनला चालतात. त्यांतला प्रत्येक सुमारे १५ मीटर लांब असून थंड होताना साडेचार सेंटिमीटरच्या आसपास आखूड होतो. ही ओढ दोन चुंबकांमधल्या लवचिक बेलोजनी (भात्यासारख्या घड्यांच्या नळ्यांनी) सोसायची असते.

आर्गॉनच्या महाकाय टाक्यांची गोष्ट वेगळी. न्यूट्रिनो या जवळपास कशालाच न अडखळणाऱ्या कणांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील ड्यून प्रयोगासाठी सुमारे दीड किलोमीटर खोल भूगर्भात, प्रत्येकी १७,००० टनांहून अधिक द्रवरूप आर्गॉन मावेल अशा टाक्यांची योजना आहे. त्यांचे तंत्र द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणाऱ्या जहाजांकडून घेतले आहे: बाहेर पोलादी सांगाडा, मधे फोमचा जाड थर, आत वळ्या पाडलेला स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा. अशी टाकी निर्वात करता येत नाही. करायला गेले तर पत्राच आत ओढला जाईल. म्हणून तळातून आर्गॉन वायू संथपणे सोडतात. तो हवेपेक्षा जड असल्याने हवेला वर ढकलत नेतो. पुढे शुद्धीकरण करून ऑक्सिजनचे प्रमाण अब्जांशाच्याही खाली आणावे लागते, नाहीतर कणांनी सोडवलेले इलेक्ट्रॉन वाटेतच गिळले जातात. ही बांधणी सर्नमध्ये प्रोटोड्यून या ड्यूनच्या चाचणी-प्रतिकृतीच्या सुमारे ७७० टनांच्या टाकीत आधी अजमावून पाहिली गेली.

इटलीतील ग्रान सास्सो येथे अत्यंत दुर्मीळ किरणोत्सारी ऱ्हास शोधणाऱ्या क्युओरे प्रयोगात पात्र नुसते थंड असून भागत नाही, ते किरणोत्साराच्या दृष्टीनेही स्वच्छ लागते. तिथे ९८८ स्फटिक सुमारे १० मिलिकेल्विनला ठेवतात. ताज्या शिशात किरणोत्सारी शिसे-२१० असते. त्याचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षे. म्हणून आतल्या ढालीसाठी बुडालेल्या रोमन जहाजातले दोन हजार वर्षांपूर्वीचे शिसे आणले. पुरातत्त्व आणि कणभौतिकी यांची अशी गाठ विरळाच पडते.

चाचणीची सुरुवात गळती शोधण्यापासून होते. पात्र निर्वात करून प्रत्येक वेल्डवर आणि फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या कडेवर) बाहेरून हेलियम फवारतात, आणि आत पोचलेले अणू वस्तुमान वर्णपटमापी हे अणूंना वजनावरून ओळखणारे यंत्र टिपते. हेलियमचा अणू लहान, निष्क्रिय आणि हवेत दुर्मीळ, म्हणून तोच निवडतात. मात्र गरम स्थितीत निर्दोष ठरलेला जोड थंडीत आकसून उघडू शकतो. लहान सुटे भाग म्हणूनच द्रवरूप नायट्रोजनमध्ये पुनःपुन्हा बुडवून तपासतात. रबरी सील थंडीत कडक पडतात. त्या जागी मऊ इंडियमची तार दाबून बसवतात. फसवा प्रकार असा की थंड पृष्ठभाग स्वतःच पंपासारखा वागतो. बाहेरून शिरलेली हवा त्यावर गोठून बसते, दाबमापी छान आकडा दाखवतो आणि गळती पात्र गरम होईपर्यंत लपून राहते. हेलियमच्या बाबतीत असे सहसा होत नाही; २.१७ केल्विनखाली तर ते अतितरल होते आणि एरवी बंद वाटणाऱ्या सूक्ष्म फटींतूनही वाहते.

यानंतर पात्र हळूहळू थंड करतात. घाई केली तर पातळ भाग आधी आकसतात, जाड मागे राहतात आणि जोडांवर ताण येतो. प्रत्यक्ष संवेदक बसवण्याआधी ठरावीक वॅटचे विद्युत तापक लावून शीतनक्षमता आणि उष्णतेची आवक मोजतात. क्युओरेचे रिकामे पात्र २०१४ मध्ये असेच थंड केले, तेव्हा सुमारे एक घनमीटर जागा ६ मिलिकेल्विनपर्यंत उतरली. स्फटिकांसह मोजमाप सुरू व्हायला २०१७ उजाडले.

सर्वांत कमी कौतुक वाट्याला येणारा भाग म्हणजे दाबमोचक झडप. द्रवरूप हेलियम खोलीच्या तापमानाला आले की सुमारे ७५० पट फुगते. १९ सप्टेंबर २००८ रोजी कोलायडरमधल्या एका सदोष विद्युत जोडाजवळ ठिणगी पेटली, हेलियमचे आवरण फाटले आणि वायू निर्वात पोकळीत घुसला. झडपा उघडल्या, पण हा प्रवाह त्या बसवताना गृहीत धरलेल्यापेक्षा कितीतरी मोठा होता. दाबाने चुंबक जागचे हलले आणि सुमारे ६ टन हेलियम निसटले. दुरुस्तीत अनेक क्रायोस्टॅटना नवी दाबमोचक द्वारे कापून बसवली गेली. कणांची शलाका पुन्हा फिरली ती नोव्हेंबर २००९ मध्ये.