पुनर्विकास आणि झाडं: मुंबईतल्या सोसायट्यांसाठी आणि छोट्या विकासकांसाठी माहितीपत्रक

जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली की कमिटीच्या बैठकांत कार्पेट एरिया, कॉर्पस (विकासकाकडून सोसायटीला मिळणारा निधी), भाडं आणि पार्किंग यांवर महिनोन् महिने चर्चा होते. झाडांचा विषय मात्र बहुतेक ठिकाणी दोनदाच निघतो. पाडकामाच्या आधी एखादा आंबा आड येतो तेव्हा, आणि पुढे ओसीच्या (नवी इमारत वापरायला मिळणाऱ्या पालिकेच्या दाखल्याच्या) तोंडावर उद्यान खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र हवं असतं तेव्हा. दोन्ही वेळा उशीर झालेला असतो. झाडांच्या कामासाठी आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांना आम्ही पहिल्या भेटीतच सांगतो की झाडांची जागा पहिल्या नकाशातच काढून ठेवा. ती नंतर सापडत नाही.

महापालिकेच्या २०१८च्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. त्यातली निम्म्याहून जास्त खाजगी आवारांत आहेत, म्हणजे सोसायट्या, बंगले, चाळी आणि कारखान्यांत. या शहराची सावली मोठ्या प्रमाणात तुमच्या कंपाउंडच्या आत उभी आहे. त्यामुळे पुनर्विकासाच्या लाटेत तिचं काय होतं, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

किती झाडं लावावी लागतात?

मुंबईला विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. तिच्यात दोन हिशेब आहेत. लेआउट किंवा पोटविभागणी लागत नाही अशा भूखंडावर दर ८० चौरस मीटरला किंवा त्याच्या भागाला एक झाड. जिथे मनोरंजनासाठी मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे आर्किटेक्ट ज्याला एलओएस म्हणतात ती, तिथे त्या मोकळ्या जागेच्या दर १०० चौरस मीटरला किंवा त्याच्या भागाला पाच झाडं. ही पाच झाडं एलओएसमध्येच हवीत असं नाही, ती संपूर्ण भूखंडावर कुठेही चालतात. एलओएसचं प्रमाण १००१ ते २५०० चौरस मीटरच्या भूखंडाला १५ टक्के, २५०१ ते १०,००० ला २० टक्के आणि त्याहून मोठ्या भूखंडाला २५ टक्के आहे. पुनर्विकासाच्या काही योजनांत त्यात सवलत मिळते. तुमच्या प्रस्तावात नेमका कोणता आकडा धरलाय ते आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

उदाहरण घेऊ. ९०० चौरस मीटरचा लहान भूखंड असेल तर ९०० भागिले ८०, म्हणजे सव्वाअकरा. ‘किंवा त्याच्या भागाला’ या शब्दांमुळे १२ झाडं. १६०० चौरस मीटरचा भूखंड असेल तर एलओएस २४० चौरस मीटर. त्याचे शंभराचे दोन पूर्ण भाग आणि एक अर्धवट, म्हणून १५ झाडं.

पंधरा हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो, पण जागेवर तो तसा नाही. नियमावलीनुसार एलओएसपैकी किमान ६० टक्के जागा जमिनीवर हवी आणि त्यातली निदान निम्मी प्रत्यक्ष मातीवर, म्हणजे जिच्याखाली स्लॅब नाही अशी. २४० चौरस मीटरचे ६० टक्के १४४ होतात आणि त्याचे निम्मे ७२. वाढलेल्या जांभळाचा घेर आठ-दहा मीटर सहज होतो, म्हणजे एकच जांभूळ ती ७२ चौरस मीटर झाकून टाकतं. मग उरलेली चौदा कुठे? बाजूच्या मोकळ्या जागेत लावू म्हटलं तर तिथे अग्निशमन दलाची गाडी फिरायला हवी. कंपाउंडच्या कडेने लावू म्हटलं तर खाली बेसमेंट, आणि बेसमेंट नसेल तिथे ड्रेनेज, पर्जन्यवाहिनी आणि विजेच्या केबल. हे सगळं एकाच पाच-सहा फुटांच्या पट्ट्यात कोंबलेलं आम्ही कित्येक नकाशांवर बघतो. म्हणून आमचा आग्रह असा की आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणारा) आणि प्लंबिंग कन्सल्टंट एकत्र बसतील त्या बैठकीला झाडांचा माणूसही असावा. बेसमेंटची एक बाजू दोन मीटर आत घेतली तर अख्खी रांग मातीत बसते. खोदाई झाल्यावर हे कुणाच्याही हातात राहत नाही.

आधीपासून उभी असलेली झाडं

यासाठी वेगळा कायदा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. झाड तुमच्या मालकीच्या आवारात असलं, तुमच्या आजोबांनी लावलेलं असलं, तरी परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. जाळणं, मुळापासून उपटणं, झाड मरेल अशी छाटणी करणं हेही तोडण्यातच धरलं जातं. शिक्षेत दंड आहे आणि कैदही आहे. ‘रात्रीत उरकून टाकू’ असं सांगणारा ठेकेदार तुम्हाला भेटेलच. तो पैसे घेऊन निघून जातो, नोटीस सोसायटीच्या आणि विकासकाच्या नावाने येते.

परवानगीसाठी अर्ज वॉर्डातल्या उद्यान खात्यामार्फत वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. प्राधिकरणाचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतात. अर्जाबरोबर प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, उंची, बुंध्याचा घेर आणि नकाशावरची जागा द्यावी लागते. अधिकारी पाहणी करतात, झाडावर आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस लागते, नागरिकांच्या हरकती-सूचना घेतल्या जातात. परवानगी मिळाल्यावरही लगेच कुऱ्हाड चालवता येत नाही, पंधरा दिवस थांबावं लागतं. शेजारच्या इमारतीतल्या कुणी हरकत घेतली तर तो शत्रू झाला असं समजू नका. कायद्याने त्याला तो हक्क दिला आहे, आणि कधीकधी त्याची सूचना ऐकून गेट चार फूट सरकवलं की झाड वाचतं.

झाडांची संख्या पहिल्याच अर्जात बरोबर द्या. आरेच्या मेट्रो कारशेडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांपुरता अर्ज करायची मुभा दिली होती. प्रत्यक्षात १७७ झाडांची परवानगी घेतली गेली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल १० लाख रुपये भरायला लावले. एवढ्या मोठ्या प्रकल्पालाही हे चुकलं नाही, तर सोसायटीच्या अर्जात मागाहून ‘अजून चार राहिली होती’ म्हणणं किती महाग पडेल याचा विचार करा. आणि मोजताना कंपाउंडच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ, कोपऱ्यातला शेवगा, टाकीमागची रोपं सगळं धरा. कायद्याच्या व्याख्येत रोपावस्थेतलं झाडही येतं.

२०२१च्या दुरुस्तीने हिशेब आणखी बदलला. आता झाडाचं वय बघितलं जातं. जितक्या वर्षांचं झाड तोडाल, निदान तितकी नवी झाडं लावायची. तीस वर्षांचा एक आंबा म्हणजे तीस झाडं. ती लावताना किमान सहा फूट उंचीची हवीत, त्यांचं जिओ-टॅगिंग (जागेची डिजिटल नोंद) करायचं आणि सात वर्षं ती जगवायची. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं. साठच्या दशकातल्या सोसायट्यांमध्ये अशी झाडं हमखास असतात. आता वरचा हिशेब आठवा. ज्या भूखंडावर पंधरा झाडांची मारामार, तिथे एका आंब्यामागची तीस कुठे लावणार? दुसरीकडे जागा शोधणं किंवा आर्थिक भरपाई असे मार्ग कायद्यात आहेत, पण ते सोपेही नाहीत आणि स्वस्तही. त्यामुळे झाड वाचवणारा नकाशा बहुतेक वेळा खर्चातही परवडतो. आम्ही हे झाडांवरच्या प्रेमाने सांगतोच, पण आकडेमोडही तेच सांगते.

पुनर्रोपणाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘तोडत नाही, हलवतोय’ असं म्हटलं की बैठकीत सगळ्यांना बरं वाटतं. वड, पिंपळ, उंबर आणि ताडमाडाच्या जातीची झाडं नीट काळजी घेतली तर दुसरीकडे चांगली धरतात. जुना आंबा, फणस किंवा मोठा पर्जन्यवृक्ष यांची आम्ही कधीच खात्री देत नाही. हलवायचंच असेल तर आधी काही आठवडे टप्प्याटप्प्याने चर खणून मुळं कापायची, गोळा गोणपाटाने बांधायचा, फांद्या बेताने उतरवायच्या आणि मगच क्रेन बोलवायची. सकाळी जेसीबी लावून संध्याकाळी दुसऱ्या खड्ड्यात उभं केलेलं झाड पुढच्या उन्हाळ्यात सरपण होतं.

खड्डा आणि माती

बांधकामाच्या जागेवर खड्डा खणला की काय निघतं, हे एकदा तरी येऊन बघा. वर चार इंच लाल माती पसरलेली असते. तिच्याखाली टाइल्सचे तुकडे, विटा, प्लास्टरची ढेपळं, सिमेंटच्या गोण्या, कधी गंजलेल्या सळ्या. म्हणजे सगळा राडारोडा, वर रोलर फिरवून घट्ट केलेला. त्यात दीड फुटाचा खड्डा करून झाड ठेवलं तर ते कुंडीत ठेवल्यासारखंच. पावसात पाणी तुंबून मुळं कुजतात, आणि जगलंच तर चौथ्या-पाचव्या वर्षी वादळात आडवं होतं.

आम्ही मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेतो, राडारोडा पूर्ण बाहेर काढतो आणि लाल माती, शेणखत व थोडी निंबोळी पेंड भरतो. रोपाची पिशवी फाडून मुळं तपासतो. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं तशीच लावली तर पुढे ती बुंध्यालाच आवळतात, म्हणून ती कापून मोकळी करावी लागतात. बुंधा जमिनीच्या पातळीला राहील इतकंच झाड खाली घ्यायचं, गळ्यापर्यंत पुरायचं नाही. दोन बाजूंना बांबू, काथ्याची सैल बांधणी. आणि पेव्हर ब्लॉक बुंध्यापर्यंत आणायचे नाहीत. चारही बाजूंनी निदान एक मीटर माती उघडी राहू द्या.

पोडियमवर (खालच्या पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या जागेत) झाडं लावायची असतील तर आरसीसी कन्सल्टंटला आधीच कळवा. मध्यम झाडाला एक ते सव्वा मीटर माती लागते, आणि ओली माती दर घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते. हा भार स्लॅबच्या डिझाइनमध्ये धरलेला नसेल तर तिथे झुडपं आणि वेलींवरच थांबावं लागेल.

कोणती झाडं?

बकुळ, ताम्हण, सीताअशोक, बहावा, करंज, कदंब, पुत्रंजीवा, सोनचाफा ही आमची नेहमीची यादी. अरुंद पट्ट्यात बकुळ आणि पुत्रंजीवा उत्तम. कदंबाला मोठी जागा असेल तरच हात घाला. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प, आणि उन्हाळ्यात जांभळं होऊन गेलं की अख्खी सोसायटी खाली उभी राहून बघते. खाडीजवळच्या जागांवर बोअरिंगचं पाणी मचूळ असतं. तिथे उंडी, भेंड, करंज आणि नारळ टिकतात. गुलमोहर आणि पीतमोहर पार्किंगच्या वर लावू नका, पावसाळी वाऱ्यात त्यांच्या फांद्या फार मोडतात. कोनोकार्पस आम्ही लावत नाही. लवकर हिरवं दिसतं म्हणून त्याची मागणी होते, पण गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आणली ती उगाच नाही. नुसत्या पामच्या रांगा लावून आकडा भरण्याचा आग्रहही कृपया धरू नका. सावली, पक्षी, फुलं यातलं जवळपास काहीच त्यातून मिळत नाही.

लागवड जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, जमीन खोलवर भिजल्यावर करावी. ओसी फेब्रुवारीत हवी म्हणून जानेवारीत लावलेल्या झाडांना मेअखेरपर्यंत रोज पाणी घालायची तयारी हवी. त्यामुळे ओसीचं वेळापत्रक आखताना मधला एक पावसाळा धरून ठेवा.

काम चालू असताना

राखलेल्या झाडांभोवती पहिल्याच दिवशी पत्र्याचं कुंपण घाला, निदान फांद्यांच्या घेराएवढं. मुळांचा बहुतेक पसारा वरच्या दोन-तीन फुटांतच असतो. तिथे रेतीचा ढीग, सळ्यांचा साठा किंवा मिक्सरच्या गाडीचं धुवण टाकलं की झाड लगेच मरत नाही, वर्ष-दोन वर्षांनी वाळायला लागतं. तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. बुंध्याभोवती भराव टाकून पातळी उंचावणं त्याहून वाईट. खोडावर खिळे ठोकून लावलेले बोर्ड आणि हॅलोजन आमची माणसं दिसले की काढून टाकतात, त्याबद्दल राग मानू नये.

सात वर्षं पाणी कोण घालणार?

हा प्रश्न डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटमध्येच सुटला पाहिजे. ओसी मिळाली की विकासक पुढच्या कामाला जातो आणि झाडं सोसायटीच्या ताब्यात येतात. मेलेलं झाड बदलून कोण देणार, माळ्याचा आणि पाण्याचा खर्च किती वर्षं कोणाकडे, पालिकेकडे अनामत भरली असेल तर ती कोणाच्या नावावर आहे आणि परत कोणाला मिळणार, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. तुमच्या वकिलांना हे कलम नवीन असेल तर मसुदा आम्ही देऊ, त्याचे पैसे घेत नाही. सांडपाणी पुनर्वापराची टाकी होणार असेल तर बागेची लाइन तिथूनच काढायला सांगा, म्हणजे उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावरून वाद होत नाहीत.

आमच्याकडे येताना भूखंडाचा सर्व्हे नकाशा, प्रस्तावित नकाशाची प्रत (कच्ची असली तरी चालेल) आणि बेसमेंट व ड्रेनेजचे नकाशे असतील तर तेही आणा. सगळ्या झाडांचे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फोटो काढून ठेवा. आयओडीची (बांधकामाच्या मंजुरीच्या, अटी घातलेल्या पालिकेच्या पत्राची) प्रत हाती असेल तर झाडांबद्दलच्या अटींवर आधीच खूण करून आणा. जागेवर पहिली पाहणी आणि झाडांची मोजणी आम्ही कमिटीच्या एखाद्या सभासदाला सोबत घेऊनच करतो. शक्यतो त्या आवारात सगळ्यात जास्त वर्षं राहिलेल्या आजी-आजोबांना पाठवा. कोणतं झाड कोणत्या साली लावलं हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि आता कायदा वय विचारतो.