२६ विरुद्ध १३ : पूर्वग्रह आकड्यांतून कसा उगवतो

एखाद्या गटाबद्दल सरसकट वाईट बोललं जातं आणि कुणी हटकलं, की ठरलेलं उत्तर येतं: आग असल्याशिवाय धूर निघत नाही. डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली बिनआगीचा धूर काढून दाखवला.

त्यांनी लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. प्रत्येकात कुणाचं तरी एक साधंसं वागणं, चांगलं किंवा वाईट, आणि ती व्यक्ती ‘अ’ गटातली की ‘ब’ गटातली, एवढंच. ‘अ’ची २६ वाक्यं: १८ चांगली, ८ वाईट. ‘ब’ची १३: ९ चांगली, ४ वाईट. भागाकार करून पाहा, प्रमाण अगदी सारखं. गटांना नाव नाही, इतिहास नाही, भांडण नाही. तरीही नंतर विचारलं तेव्हा १२ वाईट कृत्यांपैकी निम्म्याच्या आसपास ‘ब’च्या नावावर गेली. खरा वाटा एक तृतीयांश होता.

मूळ स्पष्टीकरण असं: ‘ब’ गट विरळ, वाईट वागणंही विरळ, दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की नजरेत भरतात आणि आठवताना आधी वर येतात. (मांजर आडवं गेलं नि काम फसलं, हा हिशोबही असाच. आडवं जाऊनही काम झालं, ते दिवस कोण मोजतो?) मानसशास्त्रज्ञ क्लाउस फीडलर यांचं स्पष्टीकरण मला जास्त पटतं, किचकट असलं तरी. स्मरणात गोंगाट असतो, म्हणजे काही विसरतं, काही चुकीचं आठवतं, त्यामुळे आठवलेलं प्रमाण खऱ्या प्रमाणाकडून निम्म्याकडे सरकतं. नमुना लहान असेल तर जास्तच. २६ वाक्यांत ‘बहुतेक चांगले’ हे पक्कं बसतं, १३ मध्ये तेवढं नाही. हॅमिल्टन आणि गिफर्ड यांच्याच दुसऱ्या प्रयोगात चांगली वाक्यं विरळ ठेवली, तर लहान गटच उजवा ठरला! प्रत्यक्षात यात हितसंबंध आणि शिकवण मिसळतात, पण सुरुवातीला द्वेष लागतोच असं नाही.

म्हणून चार खाने मांडा: त्यांच्यातले वाईट, त्यांच्यातले चांगले, आपल्यातले वाईट, आपल्यातले चांगले. वादात सगळे किस्से पहिल्या खान्यातले असतात. किस्सा खोटा पाडत बसू नका, बाकीच्या तीन खान्यांचं विचारा. नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तर संपताच गुण. शेवटी एकदम गुण दिले, तर ठळकपणे आठवणारी एकच गोष्ट सगळ्या गुणांवर पसरते.

पूर्वग्रह घालवायला एकदिवसीय कार्यशाळांवर भिस्त ठेवू नका. वंशाबद्दलचा छुपा कल कमी करणारे नऊ उपाय २०१६ च्या एका अभ्यासात तपासले होते. परिणाम काही तासांत किंवा दिवसांत ओसरला. दोन गटांतल्या माणसांच्या सहवासाने पूर्वग्रह कमी होतो, याचा पुरावा जास्त भक्कम आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच त्याला पोषक अशा चार गोष्टी सांगितल्या: बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांवाचून न होणारं काम आणि वरिष्ठांचा पाठिंबा. फसतं ते त्या गटातली माणसं निवडताना. एकच कर्तबगार माणूस पुढे केला, की ‘तो त्यांच्यातला वाटतच नाही’ म्हणत त्याला अपवाद ठरवतात आणि मत जागेवरच राहतं. तोच अनुभव पाच-दहा साध्यासुध्या माणसांकडून आला, तर सगळ्यांनाच अपवाद ठरवणं जड जातं.