फुटलेल्या दारा-खिडक्यांची तातडीची बंदिस्ती (सातारा व सांगली जिल्हे)

वादळ, गारपीट, पूर, भूकंप, आग किंवा घरफोडी यांमुळे इमारतीचे दार, खिडकी अथवा दुकानाचे शटर निकामी झाल्यावर, कायमची दुरुस्ती होईपर्यंत ती उघडी जागा फळ्या, प्लायवूड, पत्रा किंवा ताडपत्री लावून बंद करण्याचे काम. पावसाला आणि चोराला अडवणे, लटकणाऱ्या काचेपासून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचवणे आणि उरलेल्या चौकटीची आणखी मोडतोड होऊ न देणे हे त्याचे हेतू. सातारा-सांगलीकडे या कामाला एकच असे नाव नाही. ‘फळ्या ठोकल्या’, ‘पत्रा मारला’, ‘कागद लावला’ असे हाताशी आलेल्या साहित्यावरून बोलतात. इथे कागद म्हणजे प्लास्टिकचा. नाव एक नाही तसा कारागीरही एक नाही. लाकडी दार सुताराकडे, तावदान काचवाल्याकडे, शटर आणि ग्रिल फॅब्रिकेशनवाल्याकडे, आणि या तिघांपैकी कोणीच रात्री अकराला येत नसल्याने पहिली रात्र घरमालकाची स्वतःची. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र हा चोवीस तास चालणारा स्वतंत्र व्यवसाय आहे.

जुन्या बांधणीतील सोय

वाई, सातारा, कऱ्हाड, मिरज इथल्या जुन्या वाड्यांत बंदिस्तीची तरतूद घर बांधतानाच केलेली असे. थोरल्या दरवाजामागे भिंतीच्या पोकळीत सरकणारा अडसर, त्याच दरवाजात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी, आणि रस्त्याकडच्या खिडक्या लहान, उंचावर, गजांच्या. काच जवळजवळ नाहीच. खिडकीला लाकडी झडपा. एखादी झडप मोडली तर मागे गज शाबूत असत आणि सुतार गावातच.

बाजारपेठेतील फळ्यांची दुकाने हा याच विचाराचा दुसरा नमुना. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खाच, त्यात एकामागून एक सरकवायच्या उभ्या फळ्या, प्रत्येक फळीवर क्रमांक, शेवटी आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. एक फळी कुजली तर तेवढी बदलायची. क्रमांक चुकला तर मात्र फळी बसत नसे, आणि नव्या नोकराची पहिली परीक्षा तिथेच होई. लोखंडी शटर आल्यावर ही सोय मागे पडली. शटर एकसंध असते; एका जागी वाकले की पूर्ण अडकते, वरही जात नाही आणि खालीही येत नाही.

या भागातल्या नव्या घरांनी मोठी काच घेतली, पण गज सोडले नाहीत. परदेशी माहितीपुस्तिका इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत, त्याचे कारण हे गज. तिकडे फुटलेली खिडकी म्हणजे चोराला वाट, म्हणून सगळा भर मजबुतीवर. इथे काच गेली तरी ग्रिल उरते. माणूस आत येत नाही, पण पाऊस, साप, उंदीर आणि डोंगराकडच्या गावांत माकडे येतात. चोरीचा प्रश्न इथे मुख्यतः दाराचा आणि शटरचा असतो.

नुकसानीची कारणे

या दोन जिल्ह्यांच्या दोन टोकांना कारणे वेगळी. आटपाडी, जत, कवठे महांकाळ, तासगाव या सांगलीच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत एप्रिल-मेमधला वळीव हा मुख्य शत्रू. आधी वावटळ, मग गारा. पत्रे उडतात, आणि उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या तावदानात जातो. द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेडमुळे इथे शेडनेट घरोघरी सापडते. फुटक्या खिडकीवर दुपदरी शेडनेट ताणून बांधले तर पाऊस अडत नाही, पण गारेचा मार बराच मोडतो. त्याच्यावर कागद बांधला की रात्र निघते.

साताऱ्याच्या पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे वारा आणि पाऊस महिनोन्‌महिने हटत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे मोडतोड होण्याची वाट कोणी पाहत नाही. पावसाळ्यापूर्वी घरांच्या आणि दुकानांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधतात. अलीकडे त्यांची जागा बरीचशी प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. फ्लोरिडात चक्रीवादळाच्या आदल्या दिवशी खिडक्यांना प्लायवूड मारतात, त्याचाच हा सह्याद्रीतला चार महिन्यांचा अवतार म्हणता येईल. फरक इतकाच की झड भिंतीलाही झाकते, कारण इथे पाऊस खिडकीतून येतो तेवढाच भिंतीतून झिरपतो.

भूकंपाचा अनुभव कोयना खोऱ्याचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेल्या धक्क्यात पावणेदोनशेच्या सुमारास माणसे दगावली आणि दगड-मातीची घरे मोठ्या प्रमाणात पडली. भूकंपात दार फुटते कमी, अडकते जास्त, कारण चौकटच तिरकी होते. अशा वेळी अडकलेले दार पहारीने उचकटणे धोक्याचे. वरच्या भिंतीचा भार त्या फळीवर आलेला असू शकतो, आणि दार निघाले की भिंत खाली. आधी चौकटीत दोन बाजूंना उभे धीरे, वर आडवा वासा, खाली पाचर मारून टेकू घट्ट करायचा, आणि मगच दाराला हात लावायचा. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा भिंतीत गेल्या असतील तर फळ्या मारण्याचा विचार सोडून घराबाहेर झोपणे बरे.

पूर आणि बंदिस्ती

सांगलीत हा विषय निघाला की पुरावरच येतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेले. जुलै २०२१ मध्ये ते ५५ फुटांच्या घरात होते. या दोन्हींआधीचा मोठा पूर २००५ चा.

फळ्या ठोकून पूर अडवता येतो ही समजूत चुकीची आहे. दारावर एक मीटर पाणी चढले तर एक मीटर रुंदीच्या दारावर सुमारे ५०० किलो वजनाइतका रेटा येतो. अर्धा मीटर असेल तर सव्वाशे किलोचा. पाण्याची उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. दार पक्के करून एवढा रेटा अडवला तर तो भिंतीवर येतो, आणि मातीत बांधलेली जुनी भिंत तो सोसत नाही. उंबऱ्याशी वाळूची पोती आणि कागद लावून वीतभर पाणी काही तास थोपवता येते. त्याहून जास्त येणार असेल तर पाण्याला आत येऊ देणे आणि सामान माळ्यावर चढवणे हेच शहाणपण. गावभागातल्या जुन्या माणसांना हे कोणी शिकवावे लागत नाही. नव्या वसाहतींत दरवेळी नव्याने शिकले जाते.

बंदिस्तीची खरी गरज पाणी उतरल्यावर पडते. आठवडाभर भिजलेले लाकडी दार फुगते आणि चौकटीत बसत नाही. प्लायवूडच्या फ्लश दाराचे पदर सुटतात. कुलपात गाळ जातो, बिजागऱ्या आखडतात, शटरच्या खाचा चिखलाने भरतात. घर उघडे, वीज बंद, त्यामुळे वेल्डिंग करता येत नाही आणि ड्रिलही चालत नाही. चोरीच्या धास्तीने माणसे पुरातही वरच्या मजल्यावरून हलायला तयार नसतात; पाणी ओसरल्यावर तीच धास्ती दाराशी येऊन बसते. हाती उरतात हातोडी, खिळे, बाइंडिंग तार, साखळी आणि कुलूप. फुगलेले दार रंधून बसवण्याची घाई करू नये. वाळल्यावर ते आकसते आणि रंधलेल्या बाजूला बोटभर फट राहते. दार काढून सावलीत उभे करून वाळवावे, तोवर चौकटीत प्लायवूड.

आणखी एक चूक नेहमी होते: ओल्या घराची गच्च बंदिस्ती. वारा न मिळाल्याने भिंती वाळत नाहीत आणि आठ दिवसांत बुरशी धरते. म्हणून खिडकीच्या वरच्या कडेला चार बोटे जागा उघडी ठेवून तिथे बारीक जाळी लावतात. खालची बाजू मात्र पूर्ण बंद, कारण पुरानंतर कोरड्या जागेच्या शोधात साप घरात शिरतात.

कामाची रीत

पायांत जाड तळाचे बूट आणि हातांत चामड्याचे किंवा जाड कापडाचे मोजे घातल्याशिवाय काचेला हात लावू नये. तडकलेल्या पण न पडलेल्या काचेवर आधी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी आणि तुकडे वरून खाली काढावेत. खालून सुरुवात केली तर वरची धार मनगटावर येते. वादळापूर्वी काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याची पद्धत निरुपयोगी आहे. तिने काच फुटायची थांबत नाही, उलट मोठे तुकडे एकत्र सुटतात. साधी काच सुरीसारख्या पात्यांत फुटते, टफन काच भरड खड्यांसारखी विखुरते, लॅमिनेटेड काच तडकूनही पडद्यासारखी जागेवर राहते. काचेचे तुकडे गोणपाटात बांधून ‘काच’ असे लिहून ठेवावेत. कचरा उचलणाऱ्याचे हात उघडे असतात.

साहित्यात प्लायवूड पहिले. पूर्ण तक्ता ८ × ४ फुटांचा मिळतो; खिडकीला १२ मिलिमीटर जाडी पुरते, दाराला १८. स्वस्तातले कमर्शियल प्लाय पावसात काही दिवसांत फुगते. त्यापेक्षा बांधकामावरचे जुने शटरिंग प्लाय चांगले: त्यावर सिमेंटचे डाग असतात, पण ते पाण्यासाठीच बनवलेले असते आणि स्लॅब टाकणाऱ्या ओळखीच्या ठेकेदाराकडे रात्रीही मिळू शकते. पत्रा टिकतो, पण कडा धारदार असतात, आणि मागे लाकडी चौकट न देता लावला तर वाऱ्यात रात्रभर थडथडतो. एकट्या ताडपत्रीचा उपयोग पावसापुरता. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ४५ ते ५० किलोच्या घरात जातो. चार फुटी चौरस खिडकीवर म्हणजे सत्तर किलो. कोपऱ्यांच्या चार दोऱ्या हे पेलत नाहीत. ताडपत्रीची कड लाकडी पट्टीला दोन वेढे देऊन गुंडाळावी आणि ती पट्टी ठोकावी, म्हणजे फाटत नाही.

बसवण्याच्या तीन रीती आहेत. ग्रिल असेल तर सर्वांत सोपी: प्लायला जोडीजोडीने भोके पाडून बाइंडिंग तारेने ते गजांना आवळायचे. भिंतीला एकही भोक पडत नाही आणि पक्कड एवढेच हत्यार लागते. लाकडी चौकट असेल तर प्लाय उघड्या जागेपेक्षा चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठे घेऊन चौकटीत स्क्रू पिळायचे. खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे, कारण खिळे काढताना चौकट सोलते. जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत दोन्ही टिकत नाहीत, त्यामुळे पकड लाकडातच शोधावी. विटांच्या पक्क्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी घालून स्क्रू बसतो. तिसरी रीत गज नसलेल्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची. तिच्या पातळ चौकटीला भोके पाडली तर पुढे कायमची गळती लागते. म्हणून बाहेरून प्लाय, आतून उघड्या जागेपेक्षा लांब अशा दोन जाड आडव्या पट्ट्या, आणि दोन्हींतून आरपार लांब बोल्ट. बोल्टचे डोके बाहेर, गोल आणि गुळगुळीत, नट आत. बाहेरून कोणाला पाना लावता येत नाही, आणि आतल्या माणसाला पाच मिनिटांत उघडता येते.

घरात माणसे राहणार असतील तर निदान एक दार आतून, किल्लीशिवाय उघडेल असे राहिलेच पाहिजे. सगळीकडे गज असलेल्या घरात दारावर बाहेरून फळ्या ठोकणे म्हणजे आग लागल्यास सुटकेची वाट बंद करणे होय.

पंचनामा आणि विमा

घरफोडी असेल तर पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत दाराला हात लावायचा नसतो. ठसे कडी-कोयंड्यावरच असतात. पूर-वादळात महसूल कर्मचाऱ्यांचा पंचनामा उशिरा होऊ शकतो, आणि तोवर घर उघडे ठेवणे शक्य नसते. अशा वेळी आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग फळ्या, आणि मोडलेले दार वा शटर भंगारात न देता अंगणात ठेवायचे. प्लायवूडची आणि मजुरीची पावती सांभाळावी. विमाधारकाने नुकसान वाढू न देण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी अशी अपेक्षा असते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर, वादळ, भूकंप यांसारख्या घटनेमुळे त्यानंतरच्या सात दिवसांत झालेली चोरीही धरली आहे. सात दिवस हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा. आठव्या दिवशीही दाराला फळी नसेल तर ती जोखीम मालकाची.

तात्पुरती बंदिस्ती किती दिवस

नियम असा नाही. काचेची खिडकी आठवड्यात होते, सागवानी दाराला महिने लागतात, आणि भाऊबंदकीत अडकलेल्या वाड्याच्या खिडकीवरचा पत्रा गंजून गळेपर्यंत तसाच राहतो. फळ्या मारलेले घर ‘इथे कोणी राहत नाही’ असे रस्त्याला सांगत असते, त्यामुळे चोरीविरुद्ध केलेला उपायच कालांतराने चोराला खूण ठरतो. अमेरिकेतील ओहायो राज्याने २०१७ मध्ये बेवारस आणि जप्तीतल्या घरांना प्लायवूड मारण्यावर कायद्याने बंदी आणली. त्याऐवजी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे तक्ते वापरतात. आपल्याकडे निदान फळीला भिंतीचा रंग द्यावा आणि आतला दिवा वरच्या फटीतून दिसू द्यावा, एवढे सहज जमते.

नदीकाठच्या घरांत काढलेले प्लाय फेकून देऊ नये. मापाला कापलेला तुकडा वाळवून, कडांना तेलरंग देऊन, कोणत्या खिडकीचा आणि वरची बाजू कोणती हे त्यावर लिहून माळ्यावर ठेवावा. बोल्टही त्याच भोकांत अडकवून ठेवावेत. फळ्यांच्या दुकानांत घालत तसाच क्रमांक घातला की अंधारात, टॉर्च तोंडात धरूनही, कोणती फळी कुठली ते शोधत बसावे लागत नाही.