सेनापती मेला, पण हा बग नव्हे

पाचोऱ्याहून मामेभावाचा फोन. "दादा, गेममा बग शे. मना सेनापती टिकसच नही!"

पठ्ठ्याने सेलमध्ये 'टोटल वॉर: रोम टू' हा प्राचीन रोमच्या काळातल्या लढायांचा कॉम्प्युटर गेम घेतला होता. पहिला 'रोम' त्याने उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत आमच्या घरच्या जुन्या पीसीवर खेळलेला, त्यामुळे जुन्याची सवय अंगात भिनलेली. मी विचारलं, मेला तेव्हा वय किती होतं? "साठ." मग बरोबरच झालं की.

घोळ वर्षांच्या हिशोबात आहे. 2004 च्या 'रोम'मध्ये वर्षाच्या दोन चाली, म्हणजे खेळणाऱ्याच्या दोन पाळ्या: एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. 2013 च्या दुसऱ्या भागात मूळ मोहीम इ.स.पू. 272 ला सुरू होते आणि वर्षाला चाल एकच. पंचविशीत हाताशी आलेला सरदार साठीत गेला, तर जुन्यात तो सत्तर चाली पुरायचा, नव्यात जेमतेम पस्तीस. त्याचं नाव तोंडी बसेस्तोवर तिरडी बांधायची वेळ येते. त्यात सुरुवातीला वंशवृक्षच नव्हता, मग कोण कुणाचा मुलगा आणि गेलेल्याचं दुःख करायचं तरी कशाला?

आपल्याकडे खटकलेल्या प्रत्येक गोष्टीला 'बग' म्हणून मोकळं होतात. पण गेमने जे करावं असं बनवणाऱ्यांना वाटत होतं, ते तो करत नसेल तरच तो बग. त्यांनी ठरवलेलंच बिनचूक करतोय आणि तरी खेळणाऱ्याचा जीव रमत नाही, तर ती रचनेतली खोट. मोटार जळाली तर रिवाइंडिंग करून आणता येते. बोअरच कोरड्या जागी मारलं असेल, तर मोटारीला शिव्या देऊन उपयोग काय?

'रोम टू'मध्ये दोन्ही होतं, म्हणून तर गोंधळ. 3 सप्टेंबर 2013 ला गेम आला तेव्हा शंभराहून जास्त सत्तांच्या चाली उरकेपर्यंत ताटकळत बसावं लागे, आणि वेढ्यात कॉम्प्युटरचं सैन्य कधीकधी तटापुढे नुसतं उभं राहून बाण खात मरायचं. असं व्हावं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. हे बग.

आता त्याच वेढ्यातली दुसरी गोष्ट बघा. शिड्या नाहीत, दरवाजा फोडायचा ओंडका नाही, तरी पायदळ वेशीपाशी जातं, मशाली फेकतं आणि दरवाजा जाळून टाकतं. हे अगदी ठरल्याप्रमाणे चालतं, आणि म्हणूनच वेढ्याची सगळी यंत्रं शोभेची होऊन बसतात. हीच युक्ती असीरगडावर चालली असती, तर खानदेशच्या फारुकी सुलतानांचा तो किल्ला घ्यायला अकबराला जानेवारी 1601 उजाडेपर्यंत कशाला खोळंबावं लागलं असतं?

आणखी एक फसवी समजूत आहे: पॅचने, म्हणजे बनवणाऱ्यांनी मागाहून दिलेल्या दुरुस्तीने, सुटला म्हणजे बगच होता. तसं नाही. सुरुवातीला मोकळ्या मैदानातल्या लढाईतही एक जागा ताब्यात ठेवायचा नियम होता. समोर फौज उभी, आणि आपण झेंड्याभोवती घुटमळायचं! लोकांनी आरडाओरडा केला, पॅचने तो नियम निघाला. तरी तो बग कधीच नव्हता. चुकलेली कल्पना होती, मागे घेतली, इतकंच. उलट वंशवृक्ष यायला 2018 उजाडलं. मधे 2014 मध्ये 'एम्परर एडिशन' ही गेमची सुधारित आवृत्ती मोफत मिळाली, खूप काही सुधारलं, पण तो तेव्हाही नव्हता. जी गोष्ट मुळातच बांधलेली नाही, ती दुरुस्त काय करणार? ती नव्याने घडवावी लागते, आणि पाच वर्षं तशीच गेली.

मामेभावाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. वर्षाला चार चाली देणारा एक मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेला बदल, पाठवला आणि फोन ठेवला. आठवड्याने मेसेज आला: "आते सेनापती मरस नही, पन मोहीम बी सरस नही."