दाखल्यावरचे आजोबा आणि दगडावरचे आजोबा

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घराण्याची वंशावळ मांडायला बसलं की एकाच माणसाची दोन नावं आणि दोन तारखा हाती येतात. मग ‘ही माणसंच वेगळी’ म्हणून एकाला वगळलं जातं. एवढी घाई नको. मृत्यूचा दाखला आणि कबरीवरचा हिब्रू मजकूर मुळात वेगवेगळ्या कामासाठी लिहिलेले असतात.

दाखल्यात माणूस मराठी वळणाने येतो: नाव, वडिलांचं नाव, ‘कर’वालं आडनाव. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर घ्या. इंग्रजी कागदांत तेच सॅम्युएल इझिकिएल. हिब्रू रीतीने नुसतं ‘शमुएल बेन यहेज्केल’, म्हणजे अमक्याचा मुलगा तमका. आडनाव आणि गाव गळालं. गाव हवं तर कागद बघा. पण पेणकर दिसले की सगळे भाऊबंद समजू नका, आडनावातून कळतं ते गाव, रक्त नव्हे.

बायकांच्या बाबतीत मात्र दगडच जास्त बोलका. कागदोपत्री ती सहसा नवऱ्याच्या नावाने सापडते. हिब्रूत ‘बात’ म्हणजे मुलगी, आणि पुढे बापाचं नाव. माहेर शोधणाऱ्याने आधी कबरस्तान गाठावं.

खरा घोळ तारखेचा. हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून रात्री आठला गेलेल्या माणसाची दगडावर पुढची तिथी लागते. दोन्ही नोंदी बरोबरच. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. वर्ष अशा अक्षरांत कोरतात आणि हजार बऱ्याचदा गाळतात: ‘ताव’ ४००, ‘रेश’ २००, ‘पे’ ८०, ‘हे’ ५, मिळून ६८५ (म्हणजे ५६८५). या ६८५ मध्ये १२४० मिळवा, इंग्रजी वर्ष १९२५ येतं. पण हिब्रू वर्ष सुरू होतं सप्टेंबर-ऑक्टोबरात. महिना किसलेव असेल तर तो १९२४ चा नोव्हेंबर-डिसेंबर. इथेच भलेभले वर्षाने चुकतात.

तारखेवरून वाद पडला तर मी दाखल्याच्या बाजूने. तो त्या सुमारास लिहिलेला असतो. दगड कित्येकदा महिन्यांनी बसतो, आणि वय तर घरच्यांच्या आठवणीवर. शिवाय झिजलेल्या दगडावर ‘हे’ आणि ‘खेत’ ही अक्षरं सारखीच दिसतात, एक ५ आणि दुसरं ८. शेवाळ खरवडू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, ‘हे’च्या डाव्या पायावरची फट दिसते.